सत्त्याहत्तर पूर्णांक

नेव्याना दिसते कशी, हे ल्युबेनला ठाऊक नव्हतं. आवाज मात्र तो इतका ओळखत होता, की तिला सर्दी होणार हे तिच्या आधी त्याला कळायचं. दोघांच्या मध्ये आख्खा बाल्कन पर्वत आडवा पडलेला. ती डोंगराच्या दक्षिणेची, गुलाबांच्या खोऱ्यातली. कामाची पाळी आली की आपल्या बाजूने शिखरावरच्या वेधशाळेत चढायची आणि पाळी संपली की आपल्याच बाजूने उतरायची. ल्युबेन उत्तरेकडच्या गावात, हवामान कचेरीत वायरलेससमोर बसायचा. शिखरावर तो जन्मात कधी गेला नाही. छाती भरून येते, असं कारण सांगायचा. छाती ठणठणीत होती.

कचेरीच्या भिंतीवर शिखरावरच्या मंडळींचा एक फोटो होता. पाच माणसं, टोप्या भुवयांपर्यंत ओढलेल्या, डोळ्यांवर बर्फाचे चष्मे, नाकापर्यंत मफलर. यातली नेव्याना कोणती, हे विचारायचं त्याच्या फार मनात होतं. पण विचारायचं म्हणजे राइनाला विचारायचं, आणि राइनाच्या कानावर गोष्ट गेली की ती बाजारात गेलीच म्हणून समजा. राइना नकाशे काढायची, आणि उरलेल्या वेळात गावाची अंडीपिल्ली बाहेर काढायची. तेव्हा फोटोतल्या पाचही जणांकडे ल्युबेन आळीपाळीने प्रेमाने पाहायचा. त्यातले तीन तरी पुरुष असावेत.

तिच्या कामाच्या दिवसांत रोज सकाळी यंत्र खरखरायचं आणि त्या खरखरीतून ती यायची. ‘‘एल्हा, एल्हा, इथे ओरेल.’’ एल्हा हे खालच्या कचेरीचं नाव, ओरेल हे शिखराचं. मग आकडे. तापमान उणे सात पूर्णांक चार. वारा अठरा पूर्णांक दोन. ‘पूर्णांक’ म्हटलं की ती जराशी थांबायची. श्वास घ्यायची की चष्मा सावरायची, देव जाणे. त्या थांबण्यात ल्युबेनची पेन्सिल स्वल्पविराम काढून तयार असायची, कारण तिकडे दशांशाला स्वल्पविराम देतात. टिंब देतात ते तारखेला. त्या एवढ्याशा विरामासाठी तो सकाळी दाढी करून यायचा. का थांबतेस, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारलं आणि तिने ती सवयच सोडली तर काय घ्या?

आकडे सांगून झाले की ती म्हणायची, ‘‘स्वीकारते.’’ वायरलेसचा तो रिवाज आहे. अर्थ एवढाच, की माझं झालं, आता तू बोल, मी ऐकते आहे. तो आकडे परत वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, ‘‘स्वीकारतो.’’ मग ती ‘‘समाप्त’’ म्हणायची आणि दिवस संपायचा. म्हणजे घड्याळात सकाळच असायची, पण ल्युबेनचा दिवस संपायचा.

पहिली काही वर्षं ती दोघं ‘तुम्ही’ म्हणत होती. मग एका जानेवारीत वाऱ्याने शिखरावरचा खांब पाडला, अर्धा दिवस आवाज बंद झाला आणि परत आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘‘ल्युबेन, तू आहेस का तिथे?’’ त्यानंतर ‘तुम्ही’ परत आलं नाही. तिचा नवरा गेला, ते त्याला असंच कळलं. तिच्या जागी काही दिवस दुसऱ्याच कुणाचा तरी घोगरा आवाज आकडे वाचत होता. नंतर ती परतली आणि पूर्णांकानंतर पहिल्यापेक्षा जास्त थांबायला लागली.

ल्युबेनचं लग्न राहून गेलं होतं. आधी आईचं आजारपण, मग घराचं छप्पर, मग वय. दर मार्चला, सगळे एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात तेव्हा, रसद नेणाऱ्या गाडीबरोबर तो एक दोरा वर पाठवायचा. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. पहिला करकोचा दिसला की तो दोरा सोडून मोहरलेल्या झाडाला बांधायचा असतो. शिखरावर ना करकोचा, ना झाड. ती तो वाऱ्याच्या यंत्राच्या खांबाला बांधते, हे तिने एकदा आकड्यांच्या शेवटी सांगितलं होतं. ती सकाळ ल्युबेनला वर्षभर पुरली.

तुम्ही म्हणाल, मग बोलला का नाही हा बाबा? अहो, आकड्यांखेरीज त्याला बोलताच यायचं नाही. तापमान विचारा, दवबिंदू विचारा. ‘कशी आहेस’ म्हणताना मात्र जीभ टाळ्याला चिकटायची.

त्या वसंतात परदेशातून एक भेट आली. तापमान, वारा, हवेचा दाब, सगळं आपलं आपण मोजून थेट संगणकात पाठवणारं यंत्र. साहेब होता कांबुरोव, वयाने लहान, स्वभावाने चांगला, आणि म्हणूनच त्याच्यावर रागावता येत नसे. तो ल्युबेनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, की बाते ल्युबेन, संगणकातलं तुलाच कळतं, तेव्हा हे काम तुझं. ‘बाते’ म्हणजे थोरला भाऊ. थोरल्या भावाला नाही म्हणायची सोय नसते. यंत्राचे आकडे आणि माणसाचे आकडे काही दिवस जुळले की शिखरावरची माणसं कायमची खाली आणायची, वायरलेस बंद करायचं, असं सरकारातून ठरून आलं होतं.

म्हणजे ज्या आवाजासाठी तो दाढी करायचा, तो आवाज त्यानेच आपल्या हाताने बंद करायचा. देवाला कधीकधी चेष्टा फार सुचते.

शिवाय नेव्यानाने आकड्यांच्या शेवटी सांगितलं, की मुलगी स्पेनमधून बोलावते आहे, नातू सांभाळायला. इथलं काम संपलं की जूनअखेर जायचं म्हणते. ‘‘इथे तरी माझं कोण आहे? स्वीकारते,’’ ती म्हणाली. आता हा प्रश्न होता, आणि रिवाजाप्रमाणे उत्तर द्यायची पाळी ल्युबेनची होती. त्याने तिला आर्द्रतेचा आकडा परत वाचून दाखवला.

मे महिन्यात यंत्र बसलं. पहिल्या सकाळी कचेरीतले सगळे पडद्याभोवती जमले आणि राइनाने मोठ्याने वाचलं, की शिखरावर आज तापमान आहे सहा मे आणि वारा आहे तीन ऑगस्ट. काहीतरी बिघडलं होतं खास. सगळे खो खो हसले. कांबुरोवचा चेहरा मात्र पडला. भेट देणाऱ्यांना काय कळवायचं, की तुमच्या यंत्राने आमच्या डोंगरावर पंचांग मांडलंय?

ल्युबेनला काय झालंय ते तिथल्या तिथे कळलं. परदेशी यंत्र दशांशाला टिंब देत होतं. इथला संगणक टिंब दिसलं की तारीख समजत होता. सहा टिंब पाच म्हणजे सहा मे, तीन टिंब आठ म्हणजे तीन ऑगस्ट. संगणकातलं एक सेटिंग बदलायचं, चहा निवायच्या आत होणारं काम. तो डोकं खाजवत म्हणाला, की किचकट दिसतंय, बघावं लागेल.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने कामात खोट ठेवली, आणि लाज वाटायच्या ऐवजी त्याला भूक लागली. राइनाच्या डब्यातली बानित्सा त्याने न विचारता खाल्ली. त्या भाजलेल्या पोळीचे चीज भरलेले पदर हाताला तुपकट लागले, ते त्याने विजारीला पुसले. राइना बघतच राहिली.

आता रोज सकाळी नेव्याना आकडे वाचायची आणि ल्युबेन ते पडद्याशी ताडून बघायचा. बोलणं लांबायला लागलं. माझ्या तापमानाला आज काय तारीख मिळाली, असं ती आधी विचारायची. तो सांगायचा, सहा मे. मग ती सांगायची, की सहा मेला, सेंट जॉर्जच्या सणाला, तिचा बाप कोकरू भाजायचा आणि भाजताना कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. दोन टिंब आठ आलं, तेव्हा दोन ऑगस्टचं निघालं. त्या दिवशी ल्युबेनच्या गावात जत्रा भरायची आणि लहानपणी एकदा तो जत्रेत हरवला होता. तीन तास एका टरबूजवाल्याच्या गाडीवर बसून होता, आणि सापडल्यावर रडला तो गाडीवरून उतरवलं म्हणून. हे तो वायरलेसवर, सरकारी वेळात, सरळ बोलून गेला. वरून तिचं हसू आलं, खरखरीसकट. यंत्राने आकड्यांच्या तारखा केल्या आणि आकड्यांशिवाय न बोलणाऱ्या माणसाला बोलायला विषय मिळाले. आठ मार्च, एक नऊ, चार सहा. सगळं आयुष्य सुटं सुटं, वाऱ्याच्या मर्जीने, त्या दोघांच्या मध्ये येऊन पडत होतं.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी वर सोसाट्याचा वारा होता. ती म्हणाली, ‘‘चोवीस पूर्णांक... सहा. सांग, कोणता दिवस?’’

‘‘चोवीस जून.’’

‘‘एन्योवदेन,’’ ती म्हणाली आणि मग बराच वेळ सांगत राहिली. तिच्या बाजूला डोंगराच्या पोटाशी एक कुरण आहे. एन्योवदेनला पहाटे बायका तिथे औषधी वनस्पती खुडतात. सूर्य उगवेपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर औषधाचा गुण जातो. ‘‘आजार किती असतात माहितीय का तुला? सत्त्याहत्तर आणि अर्धा. तेवढ्याच वनस्पती. आपल्या हिशेबात सत्त्याहत्तर पूर्णांक पाच.’’

अर्धा आजार कसला, असं त्याने विचारलं.

‘‘ज्याला नाव नाही तो. त्याची वनस्पती कुणाला माहीत नसते. आजी म्हणायची, आपण खुडत राहायचं, हाताला लागली तर लागली. स्वीकारते.’’

ल्युबेनला त्या अर्ध्या आजाराची सगळी लक्षणं पाठ होती. पण तो म्हणाला, ‘‘हं.’’ आणि मग, ‘‘स्वीकारतो.’’

मग तिचा आवाज आला, पण हसरा नव्हता. ‘‘ल्युबेन, ही तारखांची गंमत दुरुस्त का होत नाही रे? स्वीकारते.’’

त्याला थाप मारता आली असती. कांबुरोवला मारली तशी हिलाही. पण हिच्याशी तो आजवर चुकीचा आकडा बोलला नव्हता. ‘‘होईल. टिंबाच्या जागी स्वल्पविराम करायचा, एवढंच आहे. स्वीकारतो.’’

‘‘हे तुला कधी कळलं?’’

‘‘पहिल्याच सकाळी.’’

पुढे ‘स्वीकारतो’ म्हणायचं तो विसरला, आणि ती थांबली. पूर्णांकानंतर थांबायची तशी, पण कितीतरी जास्त. ल्युबेनला वाटलं, आता कळलं हिला. जे आपल्याला सांगता आलं नाही ते त्या दोन शब्दांनी सांगून टाकलं.

‘‘माझे गुडघे गेलेत रे,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘काल गारा पडल्या, तेव्हा वाऱ्याच्या यंत्राच्या शिडीवरून घसरले. तू तिकडे शेगडीजवळ बसून माझा आवाज ऐकतोस आणि मी इथे... दुरुस्त कर ते. समाप्त.’’

तो दिवस ल्युबेनला फार वाईट गेला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, की आपण निरुपद्रवी माणूस आहोत, आपल्या प्रेमाचा कुणाला त्रास नाही. आणि शेवटी त्याच प्रेमाने एका बाईला थकल्या गुडघ्यांनिशी वाऱ्यात शिडीवर उभं करून ठेवलं होतं. दुपारी त्याने संगणकासमोर बसून टिंब काढलं आणि स्वल्पविराम दिला. पडद्यावरच्या तारखा गेल्या, आकडे आले. कांबुरोवने त्याला मिठीच मारली. ल्युबेन त्या स्वल्पविरामाकडे बघत होता. यंत्राचा स्वल्पविराम कुठे थांबत नव्हता.

त्यानंतर तिने फक्त आकडे सांगितले. आकडे जुळत गेले.

शेवटच्या सकाळी कचेरीत माणूस मावत नव्हतं. कांबुरोवने रकिया दारूची बाटली आणली होती, राइनाने परातभर बानित्सा. कांबुरोवने वायरलेसवर छोटंसं भाषण केलं, शिखरावरच्या लोकांचे आभार मानले, आणि मग म्हणाला, ‘‘आता तू निरोप घे, बाते ल्युबेन.’’

ल्युबेन बसला. वरून ती आली. तापमान सहा पूर्णांक पाच, वारा तीन पूर्णांक आठ. पहिल्या सकाळचेच आकडे. ते खरंच तसे होते की तिने मुद्दाम सांगितले, हे बघायला पडदा समोरच होता. त्याने बघितलं नाही. ‘‘स्वीकारते,’’ ती म्हणाली.

त्याने आकडे परत वाचले. मागे दहा-बारा माणसं बानित्सा चघळत उभी होती. आता नाही बोललो तर हा आवाज स्पेनला जाणार, आणि आपल्याला उरलेलं आयुष्य फोटोतल्या पाच मफलरांकडे बघत काढायचं, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्याने बोलायचं दाबलेलं बटण सोडलं नाही.

‘‘नेव्याना, एन्योवदेनला मी तुझ्या बाजूला येतोय. त्या कुरणावर. ती अर्धी वनस्पती मलाही हवी आहे. त्याच्या आधी जाऊ नकोस. नंतरही जाऊ नकोस. माझ्याजवळ राहा.’’ आणि रिवाज मोडायला नको म्हणून म्हणाला, ‘‘स्वीकारतो.’’

राइनाच्या हातातला तुकडा हातातच राहिला. खरखर चालू होती.

‘‘स्वीकारते,’’ नेव्याना म्हणाली.

मागे कुणीतरी टाळी वाजवली आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं. कांबुरोव हळू आवाजात म्हणाला, की हे तर ती रोजच म्हणते, म्हणजे तिला नीट ऐकू गेलं नसेल, बोल म्हणते आहे ती. ल्युबेनलाही तेच वाटलं. पण पुन्हा बोलायला त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं. जे होतं ते सगळं गेलं होतं. तो वाट बघत राहिला, आणि थोड्या वेळाने वर कुणीतरी वायर काढली असावी, कारण खरखरही थांबली.

‘‘समाप्त कुठे म्हणाली ती?’’ राइना म्हणाली.

‘‘विसरली असेल,’’ कांबुरोव म्हणाला.

‘‘ती? आजवर कधी विसरली होती?’’

तिच्या घरचा फोन नंबर कचेरीत होता. ल्युबेनने तो फिरवला नाही. फोनवर कुणी ‘स्वीकारते’ म्हणत नाही, तिथे माणूस हो म्हणतं किंवा नाही म्हणतं. त्याला दोन्ही अर्थांचा एक शब्द मिळाला होता आणि एन्योवदेनपर्यंत तो त्यावरच जगणार होता. राइनाने मात्र कधी नव्हे ते तोंड बंद ठेवलं. उलट त्याच्यासाठी कुणाचा तरी चांगला कोट मागून आणला, तो त्याला खांद्यात घट्ट होत होता.

एन्योवदेनच्या आदल्या दिवशी तो घाटातली बस धरून डोंगर ओलांडून गेला. तास दोन तासांचा रस्ता. एवढ्याशा रस्त्यासाठी आपण इतकी वर्षं घालवली, याचा त्याला स्वतःचाच राग आला. पहाटे तो कुरणावर पोचला तेव्हा नुकतं उजाडत होतं. गवत दवाने जड झालं होतं आणि त्यात बायकाच बायका, अनवाणी, डोक्याला रुमाल, सगळ्या वाकलेल्या, सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तो तिला आवाजाने ओळखत होता, आणि सूर्य उगवेपर्यंत कुणी बोलणार नव्हतं.

तो बायकांच्या मधून हिंडत राहिला. एखादीने वर बघितलं तर तिच्या चेहऱ्यात तो आवाज बसतो का बघायचा. एक ठेंगणी होती, तिच्यात बसत नव्हता. एक सडपातळ, घाऱ्या डोळ्यांची, तिच्यात थोडासा बसत होता, पण ती तर त्याच्याकडे संशयाने बघत दूर गेली. कदाचित नेव्याना आलीच नसेल. कदाचित विमानात बसलीही असेल. त्याने आयुष्यभर जी वाट बघितली होती ती सगळी त्या अर्ध्या तासाच्या मानाने काहीच नव्हती.

मग कड्यावर ऊन आलं आणि कुरणभर बोलणं फुटलं. कुणाला काय मिळालं, कुणाच्या पायाला काय बोचलं. ल्युबेन कान देऊन उभा होता. एक आवाज, दुसरा, विसावा. एकही तिचा नाही.

आता लाजून चालणार नव्हतं. त्याने घट्ट कोटाचं बटण काढलं, छाती भरून श्वास घेतला आणि कुरणाच्या मधोमध उभा राहून ओरडला, ‘‘ओरेल, ओरेल, इथे एल्हा. किती मिळाल्या? स्वीकारतो.’’

बायका हसायला लागल्या. रकिया चढलीय, असं एक म्हणाली, पहाटे पहाटे? हसणं कुरणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. तिकडे टोकाला, झुडपांच्या कडेला, एक बाई गुडघ्यावर हात टेकून सावकाश उभी राहत होती. तिच्या मनगटाला मार्चमधला, पार विटून गेलेला लाल-पांढरा दोरा होता. या वर्षी तो खांबाला बांधला गेला नव्हता. तिने ओंजळीतल्या पाल्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

‘‘सत्त्याहत्तर पूर्णांक,’’ ती म्हणाली, आणि नेहमीच्या जागी थांबली.

ल्युबेन दव तुडवत चालत तिच्यापर्यंत गेला तरी ती थांबलेलीच होती.

‘‘पाच,’’ तो म्हणाला.